खांदा गेला, आवाज आहे: गोलंदाजाने समालोचनाला कसं बसावं

नोव्हेंबरात भात कापून झालं की गोव्यातल्या शेतांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, त्या थेट पावसाची पहिली सर येईपर्यंत. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, कुठेही जा. आता यातल्या बऱ्याच स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसतात. कॅमेरावाला मिळतो, धावफलक चालवणारा पोरगाही मिळतो. अडतं ते माइकपाशी. तिथे बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याला बसवतात. बसायला हवा तो खांद्याने दगा दिलेला, पण डोकं शाबूत असलेला गोलंदाज.

अमेरिकेतल्या बेसबॉलने हे फार आधी ओळखलं. डिझी डीन, वेट हॉइट, डॉन ड्रायसडेल, डेनिस एकर्स्ली, ओरेल हर्शायझर, रॉन डार्लिंग, जॉन स्मोल्ट्झ हे सगळे पिचर, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, आणि सगळे पुढे माइकपाशी बसले. यामागे साधं कारण आहे. सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा चेंडू फेकतो. उरलेले दिवस तो बाकावर बसून खेळ बघतो, आणि उद्या ज्याची पाळी त्याने आज वहीत प्रत्येक चेंडूची नोंद ठेवायची असा तिकडचा जुना रिवाज. म्हणजे निवृत्त होईपर्यंत त्याने खेळला त्याच्या कितीतरी पट खेळ लिहून काढलेला असतो. आपल्याकडच्या गोलंदाजाला हा सराव आपोआप मिळत नाही, मुद्दाम करावा लागतो. म्हणून सुरुवात वहीपासून.

माइकच्या आधी वही

दोनशे पानी आडव्या रेघांची वही घ्या आणि पानावर पाच रकाने पाडा: षटक आणि चेंडू, हातातून काय सुटलं, कुठे पडलं, फलंदाजाचा पाय कुठे गेला, काय झालं. एक ओळ अशी दिसेल: 4.3, ऑफकटर, आखूड टप्प्याच्या जरा पुढे, पुढचा पाय लेगकडे सरकला, लाँगऑनला झेल सुटला.

चौथा रकाना सोडून बाकीचे गुणलेखकही भरू शकतो. तुमची किंमत त्या चौथ्यात आहे. फलंदाजाचा पाय आधीच्या दोन चेंडूंना कुठे गेला यावर तुम्ही गोलंदाज असताना पुढचा चेंडू ठरवत होता. तेच आता प्रेक्षकाला सांगायचंय. नवखे लोक वहीत नुसते चौकार-षटकार लिहितात आणि मग माइकवर तेच परत वाचून दाखवतात. धावफलक पडद्यावर दिसतोच आहे, तो वाचायला माणूस कशाला हवा?

बसायची जागा गोलंदाजाच्या हातामागे, साइटस्क्रीनच्या अंगाला. बाजूने टप्पा नीट कळतो, पण चेंडूची रेषा अजिबात कळत नाही, आणि रेषा कळली नाही तर पायचीतच्या अपिलावर तोंड उघडू नये. पर्वरीला जीसीए (गोवा क्रिकेट असोसिएशन) अकादमीच्या मैदानावर रणजी सामना असेल तेव्हा जाऊन बसा. पूर्ण दिवस झाला तर 90 षटकं, म्हणजे 540 ओळी. दुपारी दोननंतर, काहीच घडत नसताना तुमच्या नोंदी कशा ढिल्या पडतात ते संध्याकाळी वही उघडली की दिसेल. समालोचनातही नेमक्या त्याच वेळी माणूस बडबडायला लागतो. अशा पाच सामन्यांची वही भरल्याशिवाय माइक हातात घेऊ नका.

बारा सेकंदांचं काम

माइकपाशी दोघं हवेत. पहिला खेळ सांगतो, दुसरा खेळ उलगडतो. तुम्ही दुसरे. गोलंदाज धावायला लागला की चेंडू मृत होईपर्यंत पहिल्याचं राज्य, त्यात तोंड घालायचं नाही. न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांना 2006 पासून गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग असे तिघं बसतात. कोहेन खेळ सांगतो, हर्नांडेझ फलंदाजाच्या बाजूने बोलतो आणि डार्लिंग पिचरच्या. तिघं असूनही एकमेकांच्या पायात पाय येत नाहीत, कारण कुणी काय बोलायचं हे वाटून घेतलेलं असतं. आपल्या टेबलावर गोंधळ होतो तो दोघंही एकच गोष्ट सांगत असतात म्हणून.

टेनिस बॉलच्या सामन्यात दोन चेंडूंमध्ये वीस-पंचवीस सेकंद मिळतात. पहिल्याचं वाक्य पुरं व्हायला पाच-सहा, गोलंदाज परत धावायला लागण्याआधी थोडी मोकळी जागा, म्हणजे तुमच्या वाट्याला दहा-बारा सेकंद. मराठीत स्वस्थ बोललं तर त्यात पंचवीसच्या आसपास शब्द बसतात, जास्त नाही. बेसबॉलवाल्यांचीही हीच अडचण झाली. 2023 पासून तिकडे पिचरला घड्याळ लागलं: बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, कुणी नसेल तर 15 सेकंद, कुणी असेल तर 20, आणि 2024 मध्ये त्या 20 चे 18 झाले. लांबण लावून किस्से सांगायची सोय त्यात गेली.

पंचवीस शब्दांत तीन गोष्टी सांगायच्या: काय टाकलं, ते का चाललं किंवा फसलं, आणि आता काय. नमुना बघा:

‘हात तेवढ्याच वेगाने आला, पण चेंडू तळव्यात खोल धरला होता. फलंदाजाने हात पाहून बॅट फिरवली, चेंडू मागून आला. आता पुढचा यॉर्कर बघा.’

बावीस शब्द. पिचरचा चेंजअप नेमका हाच: फास्टबॉलच्याच, म्हणजे पूर्ण वेगाच्या चेंडूच्याच, हाताने टाकायचा, पकड मात्र अशी की चेंडू तासाला बारा-पंधरा किलोमीटरने हळू जावा. तासाला 150 किलोमीटरच्या फास्टबॉलला पिचरच्या हातातून फलंदाजापर्यंत यायला जेमतेम चार दशांश सेकंद लागतात. तेवढ्यात फलंदाज चेंडू नीट बघत बसूच शकत नाही, तो हात बघून अंदाज बांधतो. हात खोटं बोलला की अंदाज चुकला. हे कळण्यासाठी टेबलावर एक चेंडू कायम ठेवा आणि मधल्या वेळेत कॅमेऱ्यापुढे पकड दाखवा. चेंडू छातीच्या उंचीवर धरा, बोटं कॅमेऱ्याकडे, पाच सेकंद न हलवता. लोक बोलता बोलता चेंडू गोल फिरवत राहतात आणि पडद्यावर नुसती मूठ दिसते. पांढऱ्या किंवा हिरव्या टेनिस बॉलवर मार्करने शिवणीसारखी जाड रेघ मारून ठेवली तर बोटं कुठे आहेत ते लगेच कळतं.

भोंगा: इथे सगळे फसतात

आता त्या नमुन्यातलं शेवटचं वाक्य परत वाचा. ‘आता पुढचा यॉर्कर बघा.’ टीव्हीवर हे वाक्य उत्तम. गावच्या मैदानावर मात्र तोच माइक भोंग्यालाही जोडलेला असतो आणि तुमचा अंदाज फलंदाजाला खणखणीत ऐकू जातो! तुम्ही बरोबर असाल तर गोलंदाजाचं नुकसान, आणि पुढच्या षटकात क्षेत्ररक्षण करणारा संघ टेबलापाशी भांडायला हजर. त्यांचं चुकत नाही.

उपाय मिक्सरवर आहे. साध्या सहा-आठ चॅनेलच्या मिक्सरलाही बहुधा ऑक्स नावाची वेगळी वाट असते. भोंग्याचा अ‍ॅम्प्लिफायर मुख्य आउटपुटला न लावता या ऑक्सला लावा आणि मुख्य आउटपुट लॅपटॉपला द्या. मग पहिल्याच्या चॅनेलवरचा ऑक्सचा खटका वर, तुमच्या चॅनेलवरचा शून्यावर. पहिला मैदानालाही ऐकू येतो आणि यूट्यूबलाही, तुम्ही फक्त यूट्यूबला. सामन्याआधी एकाला खेळपट्टीवर उभं करा, आपल्या माइकवर दहा अंक मोजा आणि त्याला ऐकू आले का विचारा. नुसत्या खटक्याकडे बघून विश्वास ठेवू नका, साउंडवाल्याचा पोरगा मध्येच येऊन सगळे खटके सारखे करून जातो.

मिक्सरला ऑक्स नसेल तर एकच मार्ग: भविष्य बोलायचं नाही, झालेलंच सांगायचं. याला थोर आधार आहे. 1927 च्या यँकीज संघाचा मुख्य पिचर वेट हॉइट 1942 पासून 1965 पर्यंत सिनसिनाटी रेड्सचे सामने रेडिओवर सांगायचा आणि ते भूतकाळात सांगायचा. त्याचं म्हणणं, मी बोलेपर्यंत ते घडून गेलेलं असतं. इंग्रजीत हा विक्षिप्तपणा वाटायचा. मराठीला तो अंगचाच आहे: ‘टाकला, मारला, गेला’ यात जो झपाटा आहे तो ‘टाकत आहे, मारत आहे’ यात नाही. धाव पुरी होईपर्यंत ‘धावतोय’, पण फटका आणि बळी कायम भूतकाळात. टेबलावर लिहून ठेवा, हळूहळू जिभेवर बसेल.

वारा, जनरेटर आणि उशिरा येणारं चित्र

दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि मोकळ्या शेतात तो सरळ माइकमध्ये घुसतो. टेबल मंडपाच्या पूर्वेकडच्या, आडोशाच्या अंगाला लावा आणि माइकवर जाड स्पंजची टोपी चढवा. माइक डायनॅमिकच घ्या. कंडेन्सर माइक स्टुडिओत गोड वाटतो, मैदानात तो शेजारच्या गाड्यावरच्या भज्यांचा चर्र आवाजही उचलतो. तोंडापासून अंतर चार बोटं, आणि माइक ओठांसमोर न धरता किंचित बाजूला, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ला फटाका फुटत नाही. मराठीत ‘फलंदाज’ आणि ‘भोपळा’ हे शब्द काही थोडे नाहीत. आवाजाची पट्टी नेहमीच्या बोलण्याला उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि षटकार पडल्यावरही उणे 6 च्या वर जाऊ देऊ नका. एकदा आवाज फाटला की नंतर तो काही केल्या दुरुस्त होत नाही.

भोंगे कायम माइकच्या पुढे, मैदानाकडे तोंड करून. भोंगा मागे आला की शिट्टी सुरू झालीच म्हणून समजा. जनरेटर शक्य तितका लांब आणि वारा जिकडे जातो त्या अंगाला. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावा. दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज घेतली की त्यांच्यामधून घूं असा आवाज येतो आणि लोक तासभर माइकच बदलत बसतात.

कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपपर्यंत यायला थोडा वेळ घेतं, तुमचा आवाज लगेच पोचतो. परिणाम: चेंडू बॅटला लागायच्या आत तुम्ही ‘चौकार!’ ओरडलेले ऐकू येता. सामन्याआधी माइक घेऊन कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, अर्धं मिनिट रेकॉर्ड करा आणि टाळीचा आवाज हात भिडण्याच्या किती आधी येतो ते बघा. ओबीएस हे थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ध्वनीच्या प्रगत सेटिंगमध्ये सिंक ऑफसेट असतो, तिथे तेवढे मिलिसेकंद भरा. साधारण 200 ते 400 मध्ये काम होतं. पुन्हा टाळी, पुन्हा बघणं. आणि मोबाइलवर यूट्यूब लावून त्यावरून समालोचन करायचा मोह टाळा, ते चित्र दहा-वीस सेकंद जुनं असतं.

इंटरनेटचा वेग सामन्याच्या दिवशी, गर्दी जमल्यावर मोजा. सकाळी रिकाम्या मैदानावरचा आकडा फसवा असतो, दुपारी पाचशे मोबाइल त्याच टॉवरला लटकतात. 720p चित्राला चार एमबीपीएस लागतात असं धरलं तर अपलोड सहा-आठ तरी हवा.

कुठली मराठी बोलायची

गोव्यात घरात कोंकणी, हातात मराठी वर्तमानपत्र आणि मैदानात तिन्ही-चारही भाषा. पुस्तकी मराठी इथे माइकवर टिकत नाही. झेल, धावचीत, पायचीत, त्रिफळा हे शब्द जिवंत आहेत, ते वापरा. यॉर्कर, कटर, लेंथ यांना ओढूनताणून मराठी कपडे घालू नका. मध्ये कोंकणी वाक्य आलं तर येऊ द्या, फक्त मुद्दाम विनोदासाठी आणू नका, ते चटकन खोटं वाटतं.

डिझी डीन इंग्रजी असंच बोलायचा. ‘स्लाइड’चा भूतकाळ तो ‘स्लड’ करायचा. 1946 मध्ये मिसुरीतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी मुलं बिघडतील म्हणून तक्रार केली. त्याने ऐकलं नाही आणि 1953 पासून तो देशभरच्या टीव्हीवर झळकला. उलट बाजूला एकर्स्ली. सामना जागच्या जागी संपवणाऱ्या फटक्याला आज सगळी अमेरिका ‘वॉक-ऑफ’ म्हणते, तो शब्द त्याच्या तोंडचा. तुमच्याकडेही संघात बोलले जाणारे दहा-पंधरा शब्द असतील. ते एकदम ओतू नका. एका स्पर्धेत एक शब्द पेरा आणि सीमारेषेवरची पोरं तो उचलतात का बघा. नाही उचलला तर सोडून द्या.

चुकणाऱ्याबद्दल बोलताना

1947 मध्ये सेंट लुइस ब्राउन्सचे सामने सांगताना डीन त्यांच्या पिचरांवर इतका तुटून पडला की अखेर ‘मग तूच टाक’ अशी वेळ आली. 28 सप्टेंबरला, मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, 37 वर्षांचा डीन खरंच मैदानात उतरला. चार डाव टाकले (बेसबॉलमध्ये तिघं बाद झाले की एक डाव संपतो), एकही धाव दिली नाही, वर एक फटकाही मारला आणि पायाचा स्नायू दुखावून परत माइकपाशी गेला. 1934 मध्ये एका मोसमात 30 सामने जिंकलेल्या माणसाला ते शोभलं. तुम्हाला तशी कुणी संधी दिली तर नम्रपणे नाही म्हणा.

गावच्या स्पर्धेत गोलंदाजाची आई मंडपात बसलेली असते. म्हणून नेम चेंडूवर धरा, माणसावर नको. ‘वाईट गोलंदाजी’ हे दोन शब्द कुणालाच काही शिकवत नाहीत. ‘थकलाय, धाव चार पावलांनी कमी झाली, हात खाली येतोय, म्हणून यॉर्करचा फुलटॉस होतोय’ यात तीच टीका आहे आणि त्या पोराला उद्या सरावात करायला काहीतरी मिळतं. पंचाच्या निर्णयाबद्दल काय दिसलं ते सांगा, निकाल देऊ नका. तुमच्याकडे रिप्ले आहे, त्यांच्याकडे नव्हता.

‘आमच्या वेळी’ची मात्रा सामन्यात एकदाच, आणि तीही चेंडू उलगडण्यासाठी. यश सांगण्यापेक्षा मार खाल्लेला सांगा. 15 ऑक्टोबर 1988 ला वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या पहिल्याच सामन्यात कर्क गिब्सनने एकर्स्लीला मारलेला होमरन, म्हणजे तिकडचा षटकार, अमेरिकेत सगळ्यांना पाठ आहे. एकर्स्ली त्याबद्दल मोकळेपणी बोलत आला, म्हणून तो माइकवर दुसऱ्याच्या चुकीबद्दल बोलला की ते कमी टोचायचं. त्याच वर्षी ड्रायसडेलचा सलग 58 पूर्णांक दोन तृतीयांश डाव धाव न देण्याचा विक्रम हर्शायझरने 59 वर नेला. ड्रायसडेल तेव्हा हर्शायझरच्याच डॉजर्स संघाचा समालोचक होता. मोडणाऱ्याची मुलाखत घ्यायलाही तोच गेला.

खोळंबा

अवकाळी सर येते, जनरेटर बसतो, चेंडू शेजारच्या चिखलात हरवतो. मैदान रिकामं आणि थेट प्रक्षेपण चालू. हॉइट पाऊस पडला की यँकीजमधला आपला सोबती, विख्यात फलंदाज बेब रूथ याच्या आठवणी सांगायचा. लोकांना त्या इतक्या आवडल्या की पुढे त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तुम्ही घरूनच दोन-दोन मिनिटांचे दहा विषय कार्डावर लिहून आणा: एक पकड, एक जुना स्थानिक सामना, एक नियम. प्रत्येक कार्डावर फक्त चार शब्द. पूर्ण वाक्यं लिहिली की माणूस वाचायला लागतो आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

सरपंच, पंच, देवस्थान समिती, पुरस्कर्ते यांची नावं वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात, आणि आडनावांचा उच्चार आयोजकांकडून आधी विचारून. ती षटकांच्या मध्ये किंवा डाव संपल्यावर वाचायची, आणि वाचायची ती पहिल्याने, कारण भोंगा त्याच्याकडे आहे. बळी पडला त्याच क्षणी कुणी चिठ्ठी आणून दिली तर ती हाताखाली दाबून ठेवा.

आवाजाचं फार कौतुक नको: सामन्याआधी पाच मिनिटं तोंड मिटून गुणगुणायचं, दर दोन षटकांनी साधं पाणी, थंड पेय सामना संपल्यावर. गर्दी ओरडली की चार-पाच सेकंद दोघांनीही गप्प बसायचं. तुमच्यापेक्षा ती जास्त चांगलं सांगते.

पुढे कुणाकडे नमुना पाठवायचा असेल तर दोन षटकं निवडा, सलग आणि न कापता. एक बळी पडलेलं, दुसरं असं की ज्यात सहा चेंडूंत दोन एकेरी धावांपलीकडे काही झालं नाही. फाइल एमपी-थ्री, तीन-चार मिनिटांची, नावात सामना आणि तारीख. आणि ते रिकामं षटक आधी लावा.